साडेअकरा ब्रास

चौतीस वर्षं मी रस्त्यांच्या कामावर काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत दगडाशी माझा जितका संबंध आला, तितका घरच्यांशीही आला नसेल. डबर, सोलिंग, चाळीसची गिट्टी, वीसची गिट्टी, चुरी, मुरूम, दगडाची एवढीच रूपं मला ठाऊक होती आणि तेवढ्यावर माझं उत्तम चाललं होतं. डोंगर दिसला की त्यातून माल किती निघेल आणि लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, किती पडेल, याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. लग्नानंतर पहिल्यांदा पचमढीला गेलो, तेव्हा कड्याकडे पाहून बायको म्हणाली, "किती सुंदर!" मी म्हणालो, "वाळूचा दगड आहे, ठिसूळ. रस्त्याला चालत नाही." ती हे अजून चारचौघांत सांगते.

दगड बघायला म्हणून कुणी गाडीभाडं खर्च करतं, हे मला खुळेपणाचं वाटायचं. त्यातून नागपूर म्हणजे सपाट मुलूख. इथे पाहण्याजोगा दगड कुठला, असं कुणी विचारलं असतं तर मी एकच नाव घेतलं असतं, झिरो माइल. तेही त्याच्या शेजारच्या चार घोड्यांसाठी नव्हे. त्या खांबावर १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! लेव्हल लावणाऱ्या माणसाला अशा दगडापुढे हात जोडावेसे वाटतात.

बाकीच्या दगडांबद्दलचं माझं मत आता बदललं आहे. पण ते सांगायचं तर १९८६ साली केलेलं एक काम आधी सांगायला हवं. ते झाकून ठेवून हे लिहिलं, तर नुसती सहलीची हकिगत होईल.

त्या वर्षी जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका गावाला मोठ्या रस्त्याशी जोडणारा पावणेतीन किलोमीटरचा रस्ता रोजगार हमीतून करायचा होता. गावाचं नाव लिहीत नाही. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला, गावात हाताला काम नाही. मस्टरवर दीडशेच्या वर मजूर, त्यात बायाच जास्त. मी सत्तावीस वर्षांचा, नोकरीला तीन वर्षं झालेली. पावसाळ्याआधी सोलिंग उरका आणि अंदाजपत्रकाच्या बाहेर जाऊ नका, एवढंच वरून सांगणं होतं.

डबर नाल्यातून आणायचा होता. नाला अडीच किलोमीटरवर. बंड्या पुऱ्या पडेनात, काम रेंगाळलं. एके दिवशी मुकादम म्हणाला, आखणीच्या बाजूला दोनशे मीटरवर पडीक रानात गोटे आहेत, हवे तेवढे. जाऊन पाहिलं. हलक्या चढावर काळे मोठे गोटे, एकाला एक लागून, गोलात. तीन वर्तुळं पुरी, चौथं मोडकं. वर्तुळांच्या आत लहान गोट्यांचा आणि मुरमाचा भराव, मधे जरा फुगीर. कुणीतरी साइटवर माल आणून रचून ठेवावा तसा. रान ज्याचं होतं तो शेतकरी तर खूशच झाला. वखर अडतो, फुकट घेऊन जा, म्हणाला. अडीच किलोमीटरचं लीड दोनशे मीटरवर आलं. मी लगेच मजूर लावले.

घणावर सत्तरीच्या घरातला एक म्हातारा असायचा. अंगात मांस नव्हतं, पण दगडाची शीर ओळखून एका घावात दोन भकलं करायचा. त्या दिवशी तो वर्तुळाच्या बाहेरच थांबला.

"काहून? फोडत काहून नाही?" मी विचारलं.

"साहेब, हे पडेल गोटे नाही जी. बसवेल आहेत."

"कोणं बसवले?"

"ते काय माहीत. गवळ्यायचे म्हणतेत."

मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला त्याला पटवायचं होतं. एका गोट्याच्या माथ्यावर वाटीसारखे लहान खळगे होते, दोन ओळींत. ते दाखवून मी म्हणालो, "हे पाहा. वडारानं फोडायला घेतला होता, मग सोडून दिला. हा दगड फोडायचाच होता, बाबा." म्हातारा काही बोलला नाही. घण खांद्यावर टाकून तो पलीकडच्या टोकाला मातीकामावर गेला. मजुरी मोजणीवर होती. माती उपसून त्याच्या हातात दगडफोडीपेक्षा कमी पडणार, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

वर्तुळं चार दिवसांत उचलली. भरावातून खापराचे तुकडे निघाले, आतून काळे, बाहेरून तांबडे. एका बाईनं गंजून पापुद्रे सुटलेला लोखंडाचा वीतभर तुकडा आणून दाखवला. जुन्या नांगराचा फाळ असेल म्हणून मी तो फेकायला सांगितला. एकूण माल भरला साडेअकरा ब्रास. आम्ही बोलताना ब्रास म्हणायचो, लिहिताना घनमीटर. एम.बी.त, म्हणजे मोजमाप वहीत, मी ३२.५६ घनमीटर लिहिलं, खाली सही केली. लीड वाचवलं म्हणून वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. जूनच्या पहिल्या पावसाआधी रस्ता झाला, पुढच्या वर्षी त्यावरून एस.टी. सुरू झाली. त्या रस्त्याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. अडलेल्या बाईला खाटेवर घालून चिखलातून न्यावं लागायचं, ते त्या रस्त्यानं थांबलं. हे सारवासारव म्हणून सांगत नाही. तो डबर नाल्यातून आणला असता तरी रस्ता झालाच असता.

यानंतर सदतीस वर्षं ही गोष्ट मला एकदाही आठवली नाही.

२०२३च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे लाइपझिगला गेलो. नातू सहा वर्षांचा. त्याच्याकडे डायनासोरांचं एक जाडजूड जर्मन पुस्तक आहे. पहिल्याच आठवड्यात त्यानं ते मांडीवर आणून ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, गोंडवाना कुठे आहे?" मी म्हणालो, "आपल्या नागपूरवरून जाते. दिल्लीची गाडी आहे." जावई हसू दाबत उठून गेला. मुलीनं मग मला सांगितलं की दक्षिणेकडचे सगळे खंड जोडलेले होते त्या काळच्या महाखंडाचं ते नाव आहे, आणि पुस्तकात ते पान भरून दिलं आहे. मी पुस्तक उघडून बसलो. शब्द कळत नव्हते, नकाशा कळत होता. पुढे वाचलं तेव्हा समजलं की भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी १८७२ साली इथल्या कोळशाच्या थरांसाठी गोंडांच्या मुलखावरून गोंडवाना हे नाव योजलं आणि एडुअर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञानं १८८५ साली तेच अख्ख्या महाखंडाला दिलं. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेल्या शहरात मी जन्म काढला, आणि मला त्या नावाची गाडी तेवढी ठाऊक होती.

नंतरच्या रविवारी मुलगी आम्हाला श्टोल्पनला घेऊन गेली. सॅक्सनीतलं लहानसं गाव, टेकडीवर किल्ला. किल्ल्याच्या भिंतीखालून काळ्या दगडाचे सहाकोनी खांब उभेच्या उभे वर आलेले, पेन्सिलींचा गठ्ठा उभा करावा तसे. लोक तिकीट काढून ते बघत होते. मी जवळ जाऊन नखानं खरवडलं आणि म्हणालो, "हा तर ट्रॅप आहे. आपली गिट्टी." जर्मनीत येऊन गिट्टी बघायला पैसे दिले याचा मला खरंच राग आला होता. मुलीनं पाटी वाचून दाखवली. गेओर्ग अ‍ॅग्रिकोला नावाच्या विद्वानानं १५४६ साली आपल्या ग्रंथात इथल्या दगडाला बसाल्ट म्हटलं आणि तेव्हापासून हा शब्द युरोपच्या विद्येत रुळला. ज्या दगडाचं नाव मी हजारो वेळा अंदाजपत्रकात लिहिलं, त्याचा हा जणू जन्मदाखला. मी तेव्हा म्हणालो, "बरं." इतकंच.

त्या किल्ल्यात एका राजाच्या मर्जीतून उतरलेल्या कोझेल नावाच्या सरदारीणबाईला ४९ वर्षं ठेवलं होतं. सगळी गर्दी तिची खोली बघायला. मी विहिरीवर वाकून उभा राहिलो. १६०८ साली खाणकामगारांनी त्या बसाल्टात विहीर खणायला घेतली आणि पाणी लागलं १६३० साली. ऐंशी मीटरहून खोल. सुरुंगाची दारू नाही, खडक आगीनं तापवायचा, तडकवायचा आणि छिन्नीनं काढायचा. बावीस वर्षं! काळ्या खडकात खोदाई म्हणजे काय, हे मला माहीत आहे. वर्षाला चार मीटर. तिकिटाचे पैसे त्या विहिरीनं वसूल केले, दगडाबद्दलचं माझं मत मात्र तिथे बदललं नाही.

ते बदलायला सुरुवात झाली हार्ट्‌झच्या डोंगराच्या पायथ्याशी, वेडर्सलेबेन नावाच्या खेड्याबाहेर. शेतांच्या मधोमध टेकाडावर वालुकाश्माची एक उघडी भिंत उभी आहे, कुठे दातांसारखी तुटलेली, कुठे सलग. आडवे थर जमिनीच्या हालचालीत उभे झाले, मऊ भाग झिजून गेला, टणक कणा राहिला. लोक तिला सैतानाची भिंत म्हणतात. सैतानाला एका रात्रीत भिंत बांधायची होती, पण कोंबडा वेळेआधी आरवला आणि त्यानं रागानं ती मोडली, अशी गोष्ट. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात असं एका रात्रीत बांधलेलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलेलं देऊळ असतं. तिथपर्यंत मला मजा वाटत होती.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, गावातले लोक घरं बांधायला या भिंतीचे दगड फोडून न्यायचे. १८५२ साली इथल्या लांडराटनं ते बंद केलं. लांडराट म्हणजे आपला कलेक्टर समजा. भिंतीला हात लावायचा नाही, असा हुकूम." आणि हसत पुढे म्हणाली, "तुम्ही इथे असता तर किती ब्रास लिहिलं असतं?"

तिनं थट्टेनं विचारलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "साडेअकरा."

तो आकडा कुठून आला, ते मलाच कळेना. त्या भिंतीच्या लांबी-रुंदीशी त्याचा काही मेळ नव्हता. गाडीत बसल्यावर हळूहळू सगळं वर आलं. माळ, गोल गोटे, बसवेल आहेत जी, खापराचे तुकडे, फाळ. लाइपझिग येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. बायकोला वाटलं, मला गाडी लागली.

मला छळत होती ती दुसरीच गोष्ट. कामावर आम्ही ठिकठिकाणी बेंचमार्क ठेवतो. कधी पुलाच्या कठड्यावर, कधी जमिनीत पक्क्या बसलेल्या एखाद्या दगडावर रंगानं खूण करतो. त्या दगडाला कुणी हात लावला तर मी आकाशपाताळ एक करायचो. एकदा एका पोरानं खुणेचा दगड चूल मांडायला उचलला, म्हणून त्याचा रोज कापला होता. का? दगड मोलाचा होता म्हणून नव्हे. तसे शंभर पडले होते. तो जागेवर होता तोवर त्याच्यात माहिती होती, हलला की धोंडा. हे मला माझ्या धंद्यानं शिकवलं होतं आणि मी ते फक्त माझ्या खुणेच्या दगडाला लागू केलं. दुसऱ्या कुणी, केव्हातरी, काही मनात धरून दगड बसवले असतील, ही शंका त्या म्हाताऱ्याला आली, मला आली नाही. शिकलेला मी होतो.

नोव्हेंबरात परत आलो आणि पहिल्याच आठवड्यात काटोल रोडनं जुनापाणीला गेलो. घरापासून अर्ध्या तासाची वाट. या रस्त्यावर मी डांबर टाकून घेतलं आहे, जुनापाणीची पाटी शेकडो वेळा पाहिली आहे, आत कधी वळलो नव्हतो. सोबत तीस मीटरचा टेप आणि वही. तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत तिथे, गटागटानं. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत ती आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची दफनं. अशा वर्तुळांत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्यांच्या तोंडातले लगाम सापडले आहेत. इथून जवळच माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज मिळाला आहे.

एका वर्तुळाचा व्यास घेतला, सोळा मीटरच्या आत-बाहेर भरला. आत तोच फुगीर भराव. मग एका गोट्यावर ते खळगे दिसले. मी बोट घातलं. आतून गुळगुळीत, उथळ, बशीसारखे, ओळीनं. दगड फोडायला पाडलेलं भोक असं नसतं. ते खोल असतं, त्याची कड धारदार असते, आत पाचर बसायची असते. असली भोकं मी हजारांनी पाडून घेतली आहेत. हा फरक कुठलाही मुकादम डोळे मिटून, नुसत्या बोटानं सांगेल. म्हणजे १९८६ साली मला तो कळत नव्हता असं नाही. मी बोट घातलंच नव्हतं. मला डबर हवा होता आणि मी त्याला साजेसं कारण शोधलं.

रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची काही वर्तुळं उघडली होती. त्याला हे खळगे दिसले आणि ब्रिटनमधल्या प्राचीन शिळांवरही असेच आहेत, हे त्यानं ताडून पाहिलं. अलीकडे काही अभ्यासकांनी त्यांचा संबंध आकाशातल्या दिशांशी जोडून पाहिला आहे. ते खरं की कसं, हे मी ठरवणार कोण? पण ठरवायला दगड जागेवर हवेत एवढं तर मला कळतं. माझ्या तीन वर्तुळांची दिशा आता कुणीच काढू शकत नाही.

त्यानंतर मी वाचू लागलो, आणि या वयात नको तितका वाचतो अशी घरात तक्रार आहे. मी अकरावी-बारावी हिस्लॉप कॉलेजात केली. हिस्लॉप कोण, हे तिथल्या दोन वर्षांत मी विचारलं नाही. स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनरी, १८४५ साली नागपूरला आला. त्याच्या धर्मप्रसाराशी मला देणंघेणं नाही. पण हा माणूस हातोडी घेऊन आमच्या मुलखातला दगड न दगड पाहत फिरला. टाकळीला, म्हणजे आज जिथे शहराची वस्ती आहे तिथे, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या पातळ पट्टीत त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया, फळं, किडे यांचे जीवाश्म मिळाले. एक लाव्हा येऊन थंड झाला, वर तळं साचलं, त्यात गोगलगायी नांदल्या, मग दुसरा लाव्हा आला. हा थर मी पाया खणताना किती वेळा तोडला असेल! एम.बी.त त्याला आम्ही "मऊ खडक" लिहायचो. दर वेगळा असायचा.

हिस्लॉप आणि त्याचा सहकारी हंटर यांनी नागपूरच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली आला. हार्ट्‌झमधल्या त्या लांडराटनं हुकूम काढला, तेव्हा हा इथे दगड गोळा करत होता आणि नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी होते. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या नाल्यात बुडाला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल त्या दौऱ्यात होते. हिस्लॉपची टिपणं पुढे १८६६ साली त्यांनीच छापवली. ज्या वर्तुळांपायी तो जीव गमावून बसला, तसलीच तीन मी चार दिवसांत उचलली. त्याच्याच नावाच्या कॉलेजात शिकून.

नागपूर सपाट आहे, इथे काही नाही, हे माझं मतही गेलं, तेही इथेच सांगून टाकतो. दख्खनचा काळा पत्थर, सह्याद्रीत जो हजारो फूट उंच उभा आहे, तो पूर्वेकडे पातळ होत होत आमच्या शहरात संपतो. ढोबळमानानं पश्चिमेला, सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तिकडे सगळा ट्रॅप, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. पूर्वेला त्याच्या खालून नाईस हा खडक उघडा पडतो, तो शंभर कोटी वर्षांहून जुना. म्हणजे धरमपेठेतून इतवारीत जाणारा माणूस रिक्षाभाड्यात अब्जभर वर्षं ओलांडतो. १८१७च्या लढाईसाठी सगळे सीताबर्डी ओळखतात. तिथला खडक कुणी विचारत नाही. मला हे दोन दगड खोदाईच्या वेगवेगळ्या दरांमुळे माहीत होते. ट्रॅप हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला, हे तर निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कळलं. घाटातल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगराकडे पाहून त्याला ट्रॅप का म्हणतात, असा प्रश्न चौतीस वर्षांत न पडणं सोपं नाही. मी ते साधलं.

माझ्या निवृत्त मित्रांना हे सगळं म्हातारचळ वाटतं. सकाळी फुटाळा तलावावर फिरताना एक जण म्हणाला, "मग काय, खदानी बंद करायच्या? घर कशानं बांधलं तुझं?" खदानी बंद करा, असं मी म्हणत नाही. गिट्टी लागतेच, उद्याही लागेल. जुनापाणीला कठडे घालून, रंगीत दिवे लावून सेल्फी पॉइंट करावा असंही मला वाटत नाही. झिरो माइलला काय कमी झालं आहे ते? माझं म्हणणं फार लहान आहे. उचलण्याआधी बघा, पडेल आहे की बसवेल.

गेल्या डिसेंबरात त्या गावी गेलो. घणावरचा म्हातारा जाऊन किती वर्षं झाली, ते कुणाला धड सांगता येईना. त्याचं नाव मस्टरवर होतं, मला आठवत नाही. रस्ता आता सिमेंटचा आहे, माझं सोलिंग खाली तसंच. रानाचा मालक वारला, मुलगा करतो. चौथं, मोडकं वर्तुळ मी तेव्हा माल पुरला म्हणून सोडलं होतं. त्याचे सात गोटे अजून आहेत. पोरगा तिथे संत्र्याची बाग लावत होता, खड्ड्यांची आखणी झालेली, जेसीबी दोन दिवसांनी यायचा होता. मी त्याला सगळं सांगितलं, माझं काम पण. तो म्हणाला, "काका, हे सांगाल तर सरकार जमीन घेईन ना आमची." त्याचं भय खोटं नव्हतं आणि त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसानं हमी कशाच्या जोरावर द्यायची? मी एवढंच म्हणालो की नोंद करायची की नाही, ते तू ठरव. मी तुझ्या मागे कुणाला काही कळवणार नाही. पण हे सात हलवू नको.

तो बराच वेळ गोट्यांकडे पाहत राहिला. मग दोरी मागवली. आम्ही दोघांनी मिळून फेर आखणी केली. मी टेप धरला, त्यानं फक्की टाकली. चार झाडं कमी बसली. फेब्रुवारीत त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. रोपं लागली आहेत, ठिबकच्या नळ्या पडल्या आहेत, सात गोटे जागेवर आहेत, आणि त्यांच्या बाजूनं गेलेली संत्र्याची एक ओळ वाकडी आहे.